आईचा वकील

सोम. ८ डिसेंबर

सकाळच्या दुधाच्या टँकरचं सॅम्पल लावत होते तेव्हा वहिनीचा फोन. लॅबमध्ये मी फोन घेत नाही हे तिला माहीत आहे, तरी तीनदा वाजला.

"ताई, आईंच्या नावावर केस झालीय. बबनकाकांनी केली."

मला आधी वाटलं जागेची. गिरणीच्या खोलीवरून आमचं आणि त्यांचं चार वर्षं चाललंय. बबनकाका म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, चुलतभाऊ, भिंतीला भिंत लावून राहतात. अण्णा गेल्यापासून त्यांचं एकच, ती खोली सामाईक आहे, गिरणी हलवा, मला खताचं दुकान टाकायचंय. पण वहिनी म्हणाली जागेची नाही, मारामारीची. शनिवारी सकाळी काका कुलूप घेऊन गिरणीत आले होते. आत काहीतरी झालं. त्यांचं उजवं मनगट मोडलंय. फिर्याद अशी की आईनं लोखंडी पान्ह्यानं मारलं.

आई. वय त्रेसष्ट. पायात वात.

हाफ डे टाकला. अनिल कंपनीतून परस्पर आला, आम्ही नवरा-बायको मोटरसायकलवर माहेरी डाळजला पोचलो. आई गिरणीतच. ज्वारी दळत होती, भुवया पांढऱ्या. पट्ट्याच्या आवाजात ओरडून विचारलं, "आई, मारलंस का काकांना?"

"दळणं खोळंबलीत. मग बोलू."

'मग' आलाच नाही. वहिनीला विचारलं. ती मागं कपडे धूत होती, आरडाओरडा ऐकून आली तेव्हा काका मनगट धरून खाली बसलेले, पान्हा जमिनीवर. मधलं तिनं पाहिलेलं नाही.

अनिलनं मोबाईलवर एफआयआर काढली. कलम ११८(२), हत्यारानं गंभीर दुखापत. अजामीनपात्र. म्हणजे केव्हाही नेऊ शकतात. दादाला फोन लावला, तो जोधपूरला ड्युटीवर, रजा मिळेना. म्हणाला, "शुभे, चांगला वकील बघ." बघ म्हणजे कुठं बघ? डॉक्टर कसा शोधायचा माहीत आहे. फौजदारी वकील कसा शोधतात?

मंगळ. ९ डिसेंबर

रजा. इंदापूर. भाऊसाहेब वकिलांकडं गेले, अण्णांच्या बांधाचं काम त्यांनीच केलं होतं. तेव्हा मी फ्रॉकात होते. आता त्यांना कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखलं. "गिरणीवाल्यांची ना तू?"

कागद वाचून दाखवला. त्यांनी ऐकलं आणि सरळ सांगितलं, "मी नको. माझं आयुष्य सात-बाऱ्यात गेलं. फौजदारीला त्यातलाच माणूस पाहिजे."

मी म्हटलं, मग नाव सांगा. त्यांनी चार नावं सांगितली, मग हसले. "नावं सगळेच सांगतील. चुलत्याचा वकील, मेव्हण्याचा वकील. तू असं कर. कोर्टात जाऊन बस. माणूस ऑफिसात कसा बोलतो त्याला काही अर्थ नसतो. न्यायाधीशापुढं उभा असताना बघ."

"मला आत बसू देतात?"

"अगं, कोर्ट उघडंच असतं. लोकांना माहीत नसतं."

हेही सांगितलं की बाईला सरकारकडून फुकट वकील मिळतो, मिळकत कितीही असो, विधी सेवा समितीत अर्ज करायचा. मला हे अजिबात माहीत नव्हतं. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की दिवसभर घाबरायचं राहूनच गेलं. नवीन नवीन कळत होतं त्यात वेळ गेला. याची थोडी लाज वाटली.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज बारामतीला करायचा, सेशन्स कोर्टात. हेही आजच कळलं.

बुध. १० डिसेंबर

बारामतीत ज्याला विचारावं तो एकच नाव घेतो. मोठे वकील. (यापुढं मो. व.) आमच्या सुपरवायझरच्या भाच्याचं काम त्यांनीच केलं. सुपरवायझरच्याच ओळखीनं आजची वेळ मिळाली.

आईला आणि वहिनीला डाळजवरून आणलं. ऑफिसात बाहेर बावीस माणसं. ज्युनिअर चार. आम्हाला आत बोलावलं तेव्हा मो. व. फोनवर. फोन ठेवून एफआयआरवर नजर फिरवली, अर्ध्या मिनिटात सगळं ध्यानात आलं त्यांच्या. हुशार माणूस आहे, यात वाद नाही. धडाधड सांगितलं. उद्या अर्ज टाकू, तोवर आजींना गावाबाहेर ठेवा, आणि क्रॉस केस.

"म्हणजे?"

"म्हणजे आपली फिर्याद त्याच्यावर. या कोण, सून ना? त्यानं यांचा हात धरला, वाईट बोलला, आजी सोडवायला गेल्या, झटापटीत तो पडला. उद्याच द्यायची. दोन्हीकडून केस असली की पार्टी पंधरा दिवसांत मिटवायला येते."

मी वहिनीकडं पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती म्हणाली, "आईंसाठी देते मी. लिहा."

एवढा वेळ आई भिंतीवरच्या फोटोंकडं बघत होती. तिथूनच म्हणाली, "त्यानं तसं केल्यालं न्हाय."

मो. व. म्हणाले, "आजी, हे कायद्याचं असतं. तुम्हाला आत जायचंय का?"

"न्हाय जायचं. पर बबन्या भांडखोर हाय, खोटारडा हाय, त्या वळणाचा न्हाय. सुनंचं नाव त्याच्यासंगं कागदावर आणायचं न्हाय मला."

मो. व. माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. यांना बाहेर बसवा, आपण दोघं बोलू."

आई उठलीच. वहिनी तिच्या मागं. मी खुर्चीत अर्धी उठलेली. शेवटी नमस्कार करून मीही बाहेर आले. जिन्यात अनिल भेटला, म्हणाला काय झालं? मला सांगताच येईना. एवढा नामांकित माणूस, पाच मिनिटांत रस्ता दाखवला, आणि आम्ही नको म्हणून खाली उतरलो.

वहिनी रिक्षात रडली. आई तिला म्हणाली, "तू कशाला रडती? केस माझ्यावर हाय."

पण मी हे लिहून ठेवते. काकांनी काय *केलं नाही* ते तिनं ठणकावून सांगितलं. स्वतः काय केलं किंवा नाही, त्यावर चकार शब्द नाही.

गुरु. ११ डिसेंबर

कोर्टात जाऊन बसले. आई-वहिनी डाळजला परत गेल्या, मी लॅबला पोटदुखी कळवली.

दाराशी पोलीस. "तुमची केस कितवी?" म्हटलं, नाही, बघायला आलेय. "कोर्ट बघायला?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बाक दाखवला. मागचा, पंख्याखालचा.

अकरा ते पावणेदोन. सिनेमातलं काहीही नाही. कुणी ओरडत नाही. निम्मा वेळ कागद शोधण्यात. पण हळूहळू कळायला लागलं. सॅम्पल बघून जसं कळतं, मशिनला लावायच्या आधी, तसं. फाईल उघडायला जो वेळ घेतो त्यानं वाचलेली नसते. जो न्यायाधीशांचं वाक्य तोडतो त्याचं पुढच्या वेळी ते कमी ऐकतात. मो. व. दिसले नाहीत. त्यांचा ज्युनिअर आला, दोन प्रकरणांत तारीख मागितली. एका प्रकरणातली म्हातारी माझ्याच बाकावर होती. तारीख मिळाल्यावर तिनं मला विचारलं, "काय झालं माझं?" मला ठाऊक नव्हतं. तिला सांगायला कुणी थांबलंही नाही.

बाराच्या सुमारास एक वकील उभे राहिले. पन्नाशीचे. कोट कोपरावर विरलेला. बोलणं इतकं सावकाश की मला वाटलं बरं नाहीये. एका पोराला जामीन हवा होता. सरकारी वकिलांनी सांगितलं, तीन दिवसांपूर्वी मारलं, जखम गंभीर. हे गृहस्थ म्हणाले, "साहेब... दवाखान्याचा दाखला... पान नऊ... खालून दुसरी ओळ." बस्स. न्यायाधीशांनी पान उलटलं. डॉक्टरनं लिहिलं होतं जखम आठ दिवसांपूर्वीची आहे. सरकारी वकील आपली फाईल चाळायला लागले. हे नुसते उभे. पुढं एक शब्द नाही.

जामीन झाला. आणि मग ते बाहेर गेले नाहीत. पोराच्या आईला खिडकीपाशी नेलं, काय झालं, आता कुठं सही करायची, सोमवारी कुठं जायचं, सगळं त्याच चालीत सांगितलं. तिनं दोनदा विचारलं. दोनदा सांगितलं.

दारावरच्या पोलिसाला विचारलं, हे कोण? "लोंढे वकील. इंदापूरचे. एसटीनं येतात." मग म्हणाला, "झोप येते ऐकताना. पण साहेब ऐकतात त्यांचं."

शुक्र. १२ डिसेंबर

लोंढे. ऑफिस इंदापुरात, सायकलच्या दुकानावर. बाहेर कुणी नाही, त्यामुळं पुन्हा शंका आली. चांगल्या वकिलाकडं गर्दी नको का?

आईला घेऊन गेले होते. मी एफआयआर पुढं केली आणि सुरुवात केली, "त्याचं असं झालं की..."

त्यांनी हात वर केला. "तुम्ही होतात तिथं?"

"नाही."

"मग... त्या सांगतील." आईकडं वळले. "मावशी, चहा घेता? ताई, तुम्ही जरा खाली बसा."

मी म्हटलं, मी मुलगी आहे त्यांची. म्हणाले, "माहीत आहे. पण पक्षकार त्या आहेत. त्यांनी मला सांगितलेलं माझ्याजवळ राहतं. तुम्ही समोर असलात तर त्या तुम्हाला सांगतील, मला नाही."

खाली सायकलच्या दुकानात बसले. पंक्चर काढणाऱ्यानं स्टूल दिलं. चाळीस मिनिटं. इतकं लांब बोलणं आईचं माझ्याशी कधी झालेलं मला आठवत नाही. वरून काही ऐकू येतंय का म्हणून मी दोनदा कान दिला, हेही लिहिते. आलं नाही. एकदा फक्त आई हसल्यासारखी वाटली.

ती खाली आली, पदर खोचून, बाजारातून आल्यासारखी. "ह्योच वकील," म्हणाली.

"का?"

"ऐकतो."

"आणि मो. व.?"

"त्यानं मला एकदाबी इचारलं न्हाय काय झालं म्हणून. त्याचं आधीच ठरल्यालं."

वर जाऊन वकीलपत्रावर तिची सही झाली. मी लोंढेंना विचारलं, तिला गावाबाहेर ठेवू का? "नको. घरीच राहू द्या. पळाल्या म्हणायला जागा कशाला द्यायची? पोलीस आले तर पाणी द्या, विचारतील त्याला 'वकिलांशी बोलून सांगते' म्हणा. उद्या दुसरा शनिवार, कोर्ट बंद. सोमवारी अर्ज."

दोन दिवस. मध्ये आले तर?

"बाईमाणसाला दिवस मावळल्यावर नेता येत नाही. दिवसा आले तर मला फोन करा. मी येतो."

फी सांगितली. दादाला परवडेल.

एसटीत आईला म्हटलं, वकिलाला काय सांगितलंस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकाला सांगितलं, बास झालं."

मला राग आला. मी वकील शोधला, मी कोर्टात बसले, खोटी पोटदुखी कळवली. आणि मलाच माहीत नाही.

शनि. १३ डिसेंबर

डाळजलाच थांबले. सकाळी दहाला पोलीस. लोंढेंचा नंबर काढून फोन हातात धरला. पण पंचनाम्यासाठीच आले होते. गिरणी बघितली, पान्हा कापडात गुंडाळून सीलबंद केला, पंचांच्या सह्या. हवालदार वयस्क, आईला मावशीच म्हणत होते. आईनं पाणी दिलं, प्रश्नाला म्हणाली, "वकिलास्नी इचारून सांगते." एक शब्द इकडं तिकडं नाही. हवालदार हसले. "वकील चांगला गाठलाय."

बबनकाका त्यांच्या ओट्यावर बसून बघत होते. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मला बघितल्यावर आत गेले नाहीत. लहानपणी याच माणसानं मला उजनीच्या पाण्यात पोहायला शिकवलं. मीही नजर काढली नाही. दोघांनाही काय करावं कळेना.

गिरणी बंद. पान्ह्याशिवाय दगड घट्ट करता येत नाहीत. बायका दळण घेऊन परत गेल्या.

रवि. १४ डिसेंबर

लोंढे स्वतः आले! एसटीनं, हायवेवर उतरून चालत. म्हणाले, जागा बघायची.

तासभर गिरणीत. गावातून दुसरा पान्हा मागवून आईला गिरणी चालू करायला लावली. मग ते ठिकठिकाणी उभे राहिले. दारात. पट्ट्याच्या अलीकडं. पलीकडं. "बबनराव कुठं होते?" आईनं बोटानं दाखवलं. "तुम्ही?" दाखवलं. "पान्हा?" खिळा दाखवला.

मी दाराबाहेर. या वेळी हाकललं नाही मला. मी आपलं मनात मांडत होते. खिळा आईच्या डोक्यावर, हाताशी. काका पट्ट्याच्या पलीकडं, मेन स्विचपाशी. पट्टा फिरत असेल तर पलीकडं जायला फक्त भिंतीकडची बोळ, एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी. म्हणजे आई तिकडं गेली? का काकांनी पट्ट्यावरून हात घातला? पट्ट्यात हात सापडला तर मनगट मोडेल? मोडेल. अण्णांचं बोट गेलं होतं तसंच. पण मग पान्हा जमिनीवर का?

लोंढे बाहेर आले तेव्हा राहवलं नाही. "पट्ट्यानं झालं असेल ना?"

त्यांनी चष्मा पुसला. पीठ बसलं होतं. "ताई, हे सगळं जामिनाला लागत नाही. खटला चालला तर लागेल. तेव्हा कदाचित तुम्हालाही साक्षीला बोलावतील. जे तुम्हाला माहीत नाही, ते तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही."

म्हणजे मला सांगत नाहीत ते माझ्यासाठी? की आईसाठी?

आईनं त्यांना ज्वारीची भाकरी, पिठलं वाढलं. दोन खाल्ल्या. जेवतानाही तितकेच सावकाश.

सोम. १५ डिसेंबर

बारामती. कोर्टाबाहेर टंकलेखकाच्या टेबलावर अर्ज. लोंढेंनी मराठीत केलाय. म्हणाले, "मावशींना वाचून दाखवता आला पाहिजे. सही त्यांची, प्रतिज्ञेवर." मी कच्च्या अर्जाचे फोटो काढून दादाला पाठवले.

मग मला आधार कार्डाच्या झेरॉक्सला पाठवलं. रांग होती. परत आले तर लोंढे आईला अर्ज वाचून दाखवून मोकळे झाले होते, आणि टंकलेखक एक पान नव्यानं मारत होता. विचारलं, काय झालं? "तिसरं पान बदललं," एवढंच म्हणाला. चूक असेल टायपिंगची.

आईनं सही केली. ती सही करताना जीभ दातात धरते, अजूनही.

अर्ज दाखल. उद्या सुनावणी.

मंगळ. १६ डिसेंबर

साडेबारा. आमचा पुकारा.

सरकारी वकील : मनगटाचं हाड मोडलंय, हत्यार लोखंडी, आरोपी तपासाला सहकार्य करणार नाही.

लोंढे : "वय त्रेसष्ट... घर गावातच... घटना शनिवारी, फिर्याद सोमवारी... पान्हा पोलिसांकडं जमा. जागेचा वाद चार वर्षांचा. अटक करून... काय मिळवायचंय?"

एवढंच. न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं. पोलिसांचं लेखी म्हणणं मागवलं, तोवर अंतरिम संरक्षण. बावीस तारखेला पुढचं. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. फिर्यादीशी, साक्षीदारांशी संपर्क नाही.

मी आईकडं पाहिलं. तिला कळलं नव्हतं. लोंढेंनी तिला खिडकीपाशी नेलं. मी लांबूनच बघत राहिले, माझी जागा तिथं नव्हती. तिनं दोनदा विचारलं असावं.

दादाला फोन केला. तो रडला. मीही.

पुढच्या तारखेपर्यंत आई आमच्याकडं राहील, लोंढेंनी तसा पत्ता पोलिसांना कळवलाय.

बुध. १७ डिसेंबर

कामावर. सगळे विचारतात, पोट कसंय.

जेवणाच्या सुट्टीत मोबाईलमधला कच्चा अर्ज आणि लोंढेंनी दिलेली पक्की प्रत शेजारी ठेवून वाचली. सवय आहे, दोन रिपोर्ट असले की ताळा लावायचा.

पान तीन. कच्च्यात मुद्दा चार : *"अर्जदार हिने फिर्यादीस कोणत्याही प्रकारे मारहाण केलेली नाही."*

पक्क्या प्रतीत ते वाक्य नाही. मुद्दा चारमध्ये आता फक्त : *"फिर्यादीतील मजकूर अर्जदारास जसाच्या तसा मान्य नाही."*

परत परत वाचलं. घास तसाच राहिला.

लोंढेंनी स्वतःहून काढलं नसणार, त्यांनीच तर घातलं होतं. आईनं काढायला लावलं. त्यांनी का म्हणून विचारलं असेल? नसेल, असं वाटतं. पान नवीन मारून दिलं आणि त्याच अर्जावर उभे राहिले. एकही खोटं वाक्य न बोलता.

म्हणजे तिनं मारलं.

किंवा 'कोणत्याही प्रकारे' हे तिला चाललं नाही. ढकललं असेल. स्विचवरून हात काढायला हातावर पान्हा आपटला असेल. स्वतःला वाचवायला असेल. पट्टा असेल आणि पान्हाही असेल. 'जसाच्या तसा मान्य नाही' यात केवढी जागा आहे!

संध्याकाळी लोंढेंना फोन केला. मुद्दा चार म्हटल्याबरोबर म्हणाले, "ताई... तुम्ही चांगलं वाचता."

"मला एवढंच सांगा..."

"मी तुमच्या आईचा वकील आहे."

चिडायला हवं होतं. उलट बरं वाटलं. असाच पाहिजे होता, आणि असा आहे म्हणूनच मला काही कळत नाही.

शुक्र. १९ डिसेंबर

आई घरात आहे आणि मी तिला चोरून बघते. कणीक मळताना, गॅलरीत उभी असताना. हिच्या हातात पान्हा, समोर काका. जमतं का चित्र? पहिल्या दिवशी अजिबात जमत नव्हतं. आता जमतं. वाईट वाटायला हवं, पण खरं सांगायचं तर ती मला पूर्वीपेक्षा जास्त माणूस वाटायला लागलीय.

अनिलला मुद्दा चारचं सांगितलं नाही. लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा काही लपवतेय.

आज वहिनीचा फोन. गिरणीत उंदीर झालेत, बायका भिगवणला दळायला जातात. आईनं फोन घेऊन अर्धा तास पट्टा सैल कसा करून ठेवायचा ते सांगितलं.

सोम. २२ डिसेंबर

सकाळी आधी हजेरी, मग कोर्ट. पोलिसांचं म्हणणं दाखल झालं. काकांतर्फेही आता वकील उभे राहिलेत, त्यांनी वेळ मागितला. मध्ये नाताळची सुट्टी. तारीख ५ जानेवारी, तोवर अंतरिम चालू. ठरलं काहीच नाही.

बाहेर आलो तर चहाच्या गाड्यापाशी बबनकाका. डाव्या हातात कप, एकटेच. मी लोंढेंना पुढच्या तारखेचं विचारत होते. वळून बघते तर आई त्यांच्यासमोर उभी!

लोंढे पळाले. खरंच पळाले, कोट उडवत. मी त्यांना घाई करताना पहिल्यांदा पाहिलं. "मावशी! मावशी, अट आहे... बोलायचं नाही!" आईला दंडाला धरून बाजूला आणलं. रागावलेही, त्यांच्या परीनं. "एवढ्यावरनं जामीन जातो. समजलं?"

"समजलं," आई म्हणाली. "हात दुखतो का एवढंच इचारलं."

लोंढेंनी कपाळाला हात लावला. "आणि?"

"थंडीत ठणाकतो म्हणाला."

मी काकांकडं पाहिलं. कप तसाच हातात. आमच्याकडंच बघत होते, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मला वाचता आलं नाही. त्यांचे वकील आले आणि त्यांना घेऊन गेले.

घरी तीनला पोचलो. दूध तापत ठेवलं. आई ओट्यापाशी लसूण सोलायला बसली. दोन-तीन पाकळ्या झाल्या असतील.

"शुभे, तू ते कागद वाचल्यास न्हवं? वकील सांगत हुता."

म्हटलं, हो.

"आन् मला काय इचारलं न्हाईस."

मी गॅसकडं बघत राहिले. पहिल्या दिवसापासून विचारतेय. पण ती म्हणते ते खरं आहे, वाचल्यापासून नाही विचारलं.

मग ती म्हणाली, "सांगू का? तुला सांगायला माझी हरकत न्हाय. पर एकदा ऐकलंस की तुझ्याजवळ ऱ्हाईल. उद्या कुणी शपथंवर इचारलं तर तुला खोटं बोलता यायचं न्हाय. माझीच हायस तू. तवा तू ठरीव."

पंधरा दिवस मला फक्त हेच हवं होतं.

म्हटलं, थांब, दूध बघते. दूध कधीच उतरवून झालंय. ही वही घेऊन मी टेबलाशी बसलेय, ती तिथंच आहे, समोर, पाच हातांवर. लसूण संपत आलाय. घाई करत नाही. मध्येच एकदा वर बघते.